देशोदेशीचे झेंडे: आधी ठेवण, मग रंग

जानेवारी उजाडला की श्रीपूर-महाळुंगपासून पार अकलूजपर्यंतच्या घरांत शाळेचं फर्मान येऊन धडकतं: देशोदेशीच्या राष्ट्रध्वजांचा तक्ता करून आणा. कारखान्याचं गाळप ऐन भरात असतं, घरात कुणाला सवड नसते आणि लेकरू रात्री नऊला सांगतं, 'उद्याच द्यायचाय.' मग दुकानातून छापील तक्ता आणायचा, झेंडे कापायचे, कार्डशीटवर डकवायचे आणि त्यातले वीस-पंचवीस पाठ करून घ्यायचे. केशरी-पांढरा-हिरवा म्हणजे भारत, लाल-पांढरा म्हणजे इंडोनेशिया. पुढे प्रश्नमंजूषेत पडद्यावर नायजरचा झेंडा येतो आणि पोरगं छातीठोकपणे 'भारत' म्हणून मोकळं होतं.

रंगांवरून पाठ केलं की हे व्हायचंच. संयुक्त राष्ट्रांचे सभासद देश १९३ आणि त्या सगळ्यांच्या झेंड्यांवरचे मुख्य रंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: लाल, पांढरा, निळा, हिरवा, पिवळा, काळा, थोडाफार नारिंगी. जांभळा शोधायला गेलात तर डॉमिनिकाच्या झेंड्यावरच्या पोपटाशी नाहीतर निकाराग्वाच्या इंद्रधनुष्याशी गाठ पडते. म्हणून मुलाला आधी झेंड्याची ठेवण बघायला शिकवा. पट्टे आडवे की उभे, कोपऱ्यात काही आहे का, क्रूस आहे की त्रिकोण, हे कळलं की झेंड्यांची भावकी लक्षात येते. भावकी कळली की नावं फारशी पाठ करावी लागत नाहीत.

सुरुवातीला दोन बाजू नीट समजून घ्या. एक काठीकडची, दुसरी मोकळी, फडफडणारी. चित्रात काठी बहुतेक डावीकडे धरतात. मोकळी बाजू वाऱ्यावर हलते, दुमडते आणि फाटायला लागते तीही तिथूनच. काठीकडचा वरचा कोपरा त्या मानाने स्थिर आणि वाऱ्याचा जोर नसला तरी बऱ्यापैकी दिसणारा. त्यामुळे मानाची जागा तीच. आपल्या नौदलाचं निशाण बघा. २ सप्टेंबर २०२२ ला जे नवं निशाण आलं त्यात पांढऱ्या कापडावर काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा आहे आणि मोकळ्या बाजूला निळ्या अष्टकोनात राजचिन्ह आणि नांगर. तो अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. आधीच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रूस इंग्रजांच्या आरमाराचा वारसा होता, तो गेला.

कोपऱ्याच्या याच युक्तीवर एक मोठी भावकी उभी आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फिजी आणि तुवालू यांच्या कोपऱ्यात अजून ब्रिटनचा झेंडा आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर मोठी माणसंही गोंधळतात. न्यूझीलंडचे तारे लाल आणि चारच, ऑस्ट्रेलियाचे पांढरे आणि जास्त, एवढं ध्यानात ठेवलं की काम झालं. अमेरिकेचा कोपरा निळा, त्यात ५० तारे, बाकी १३ पट्टे. लायबेरियात तीच ठेवण, पण तारा एक आणि पट्टे ११, कारण तो देश अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी उभा केला. मलेशियाचे पट्टे १४ आणि कोपऱ्यात चंद्रकोर व तारा. हे तिन्ही झेंडे तक्त्यावर शेजारी-शेजारी लावा, म्हणजे मुलं आपणहून पट्टे मोजायला बसतात.

आता पट्टे. जगातले सगळ्यांत जास्त झेंडे यांचेच. आडव्या तीन पट्ट्यांमधलं जुनं घर नेदरलँड्सचं: लाल, पांढरा, निळा. रशियाने तेच रंग क्रम बदलून घेतले आणि पुढे सर्बिया, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया हे स्लाव्ह देश त्याच वळणावर गेले. उभ्या पट्ट्यांची चाल पाडली ती फ्रान्सने. निळा, पांढरा, लाल असा तिथला तिरंगा १७९४ मध्ये ठरला आणि राजाची निशाणी बाजूला सारून नागरिकांचा झेंडा म्हणून तो युरोपभर अनुकरणाचा विषय झाला. इटली, आयर्लंड, बेल्जियम, रोमानिया त्याच्याच मागून आले. फ्रान्सच्या आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच देशांनी रंग आफ्रिकेचे घेतले, पण ठेवण फ्रान्सचीच राहिली. माली, गिनी, सेनेगल, आयव्हरी कोस्ट ही त्याची उदाहरणं.

या घरात आरशातली भावंडं आहेत. आयर्लंडचा काठीकडून हिरवा-पांढरा-नारिंगी, आयव्हरी कोस्टचा नारिंगी-पांढरा-हिरवा. मालीचा हिरवा-पिवळा-लाल, गिनीचा बरोब्बर उलटा. चाड आणि रोमानिया तर निळा-पिवळा-लाल या क्रमासकट सारखे आहेत, निळ्याची छटा काय ती थोडी वेगळी. मोनॅको आणि इंडोनेशिया दोघांचा वर लाल, खाली पांढरा. पोलंडने तेच उलटं केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हैती आणि लिश्टेनस्टाइन या दोन देशांच्या लक्षात आलं की आपले झेंडे सारखेच आहेत. दुसऱ्याच वर्षी लिश्टेनस्टाइनने आपल्यावर मुकुट चढवला. जिथे राज्यकर्त्यांची फसगत झाली तिथे पाचवीतल्या पोराला दोन गुण कापणं मला तरी कठोर वाटतं.

दोन पट्ट्यांचा झेंडा बघायला लांब जायला नको. अक्कलकोटवरून पुढे कर्नाटकात शिरलात की चौकाचौकांत पिवळा-लाल झेंडा दिसतो. तो कन्नड अस्मितेचा झेंडा, राष्ट्रध्वजाशी त्याची गल्लत करायची नाही. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने राज्यध्वज म्हणून जो नमुना सुचवला त्यात पिवळ्या आणि लालच्या मध्ये एक पांढरा पट्टा आणि त्यावर गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी होता.

गडद रंगांच्या मध्ये पांढरा किंवा पिवळा घालण्याची ही रीत जुनी आहे. युरोपातल्या सरदारांच्या ढालींवर शेकडो वर्षं हाच दंडक होता, कारण लढाईत लांबून ओळख पटायला हवी. लाल आणि हिरवा, निळा आणि काळा एकमेकांना खेटून लावले तर शंभर पावलांवरून त्यांची सीमारेषाच हरवते. मध्ये फिकट रंग आला की दोघेही सुटे दिसतात. म्हणून केनियाच्या काळ्या-लाल-हिरव्याच्या मध्ये पांढऱ्या बारीक रेघा आहेत. बेल्जियमने काळा आणि लाल यांच्या मध्ये पिवळा घातला. जर्मनीने मात्र काळ्याला लाल खेटवला आहे, आणि ढगाळ दिवशी तो झेंडा लांबून बघितला की दंडकाचं मोल कळतं. तुमच्या मंडळाचा, क्रीडासंघाचा किंवा शाळेतल्या हाउसचा झेंडा ठरवायचा असेल तर हा एक नियम पाळा. नमुना कागदावर रंगवून पटांगणाच्या एका टोकाला लावा, दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे किलकिले करून बघा. चिन्ह ओळखू येत नसेल, अक्षरं वाचता येत नसतील, तर ती काढून टाका. आपल्याकडे मंडळांच्या झेंड्यांवर मंडळाचं नाव, स्थापनेचं साल, वर्गणीदार सोडून सगळं काही असतं आणि वीस पावलांवरून त्यातलं काहीही दिसत नाही.

आपला तिरंगा याच कसोटीवर घासून आजच्या रूपाला आला आणि त्यातला एक टप्पा आपल्या सोलापूर जिल्ह्याला चांगला ठाऊक असायला हवा. ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण चढलं. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल नावापुरता उरला आणि १२ मे पासून मार्शल लॉ आला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. हा इतिहास शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक म्हणून होतो तेव्हा मुलांच्या हातात हमखास अशोकचक्राचा तिरंगा असतो. पण त्या काळचा झेंडा वेगळा होता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह झाला तोही याच झेंड्यासाठी. नाटक बसवणाऱ्या शिक्षकांनी हा जुना झेंडा मुद्दाम करून घ्यावा. पांढरं कापड, हिरवं कापड, लाल कापड आणि चरख्याला गडद रंग. खर्च फारसा येत नाही.

करताना एक गोष्ट मुलांना दाखवा. त्या झेंड्यात हिरवा आणि लाल एकमेकांना चिकटलेले आहेत आणि पांढरा वर एकटा आहे. त्याच्याशेजारी १९३१ मध्ये काँग्रेसने स्वीकारलेला झेंडा ठेवा: वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि चरखा फक्त मधल्या पट्ट्यात. एका नजरेत फरक कळतो. लाल जाऊन केशरी का आला, कोणता रंग कुणाचा, याचे वाद तेव्हा पुष्कळ झाले आणि नव्या झेंड्यात रंगांचे अर्थ धर्मांशी न जोडता गुणांशी जोडले गेले. पण निव्वळ ठेवण म्हणून बघितलं तरी पांढरा मध्ये आल्याने झेंडा उजळला आणि चिन्हाला मोकळी जागा मिळाली. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने चरख्याच्या जागी चक्र घेतलं. चरखा एका बाजूने बघितला तर सुलटा आणि कापडाच्या मागून उलटा दिसतो. चक्राला उलट-सुलट नसतं, झेंड्याच्या दोन्ही बाजूंना ते सारखंच दिसतं.

त्याहून आधीचं एक निशाण पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवलेलं आहे. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकवलेलं हे निशाण. तीन आडवे पट्टे आणि मधल्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्'. सहल पुण्याला जाणार असेल तर यादीत घाला.

उरलेल्या भावक्या भराभर बघू. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलंड यांच्या झेंड्यांवर आडवा पडलेला क्रूस असतो आणि त्याचा उभा दांडा मध्यावर नसून काठीकडे सरकलेला असतो. डेन्मार्कचा झेंडा १२१९ च्या लढाईत आकाशातून पडला अशी तिथली दंतकथा. काठीकडे त्रिकोण असलेले झेक प्रजासत्ताक, क्युबा, फिलिपाइन्स, सुदान, जॉर्डन, पॅलेस्टाइन. यातले अरब झेंडे काळा-पांढरा-हिरवा-लाल या चार रंगांवरून ओळखू येतात, ते रंग १९१६ च्या तुर्कांविरुद्धच्या अरब बंडातून आलेले. तिरका पट्टा असेल तर बहुधा आफ्रिका: टांझानिया, नामिबिया, दोन्ही काँगो. त्रिनिदादसारखे काही अपवाद. सगळीकडून काठ असलेले आपल्याच शेजारी सापडतात, श्रीलंका आणि मालदीव.

मराठी माणसांच्या पाऊलखुणांवरून दोन झेंडे लक्षात ठेवायला सोपे जातात. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात आपल्याकडचे लोक उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेले, त्यांचे वंशज आजही मराठी म्हणून ओळखले जातात. त्या देशाच्या झेंड्याला सारख्या रुंदीचे चार आडवे पट्टे: लाल, निळा, पिवळा, हिरवा. अशी चार पट्ट्यांची ठेवण क्वचितच दिसते आणि उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना ऊस म्हटल्यावर ती विसरत नाही. दुसरा झेंडा इस्रायलचा. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली मोठ्या संख्येने तिकडे गेले. पांढऱ्यावरचे दोन निळे पट्टे ही यहुदी प्रार्थनेच्या उपरण्याच्या काठांची आठवण, आणि मध्ये सहा टोकांचा तारा.

आता आकार. दुकानातल्या तक्त्यावर सगळे झेंडे एकाच मापाच्या चौकटीत कोंबलेले असतात आणि तिथेच निम्मं शिक्षण वाया जातं. प्रत्येक देशाचं गुणोत्तर ठरलेलं असतं. तक्ता हाताने करणार असाल तर सगळ्या झेंड्यांची उंची ६ सेंटीमीटर धरा. मग भारताची रुंदी ९ येते, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाची १२, स्वित्झर्लंडची ६ म्हणजे चक्क चौरस आणि कतारची सव्वापंधराच्या आसपास. एवढा लांबट झेंडा दुसऱ्या कुठल्याही देशाचा नाही.

जपान आणि बांगलादेश शेजारी काढा. जपानचा ६ बाय ९, मध्यबिंदूवर कंपास टेकवून १.८ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ. बांगलादेशाचा ६ बाय १०, त्रिज्या २, पण केंद्र काठीपासून ५ वर न घेता साडेचारवर घ्यायचं. लाल गोळा मुद्दाम काठीकडे सरकवलेला आहे, कारण फडकताना मोकळी बाजू आखडते आणि मग तो मध्यावर असल्यासारखा दिसतो. झेंडा कागदासाठी नसून वाऱ्यासाठी काढतात हे समजवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

चौकट मोडणारा देश एकच, नेपाळ. एकावर एक दोन त्रिकोणी पताका, गडद लाल रंग, निळा काठ, वरच्यात चंद्र आणि खालच्यात सूर्य. रुंदीपेक्षा उंची जास्त; ६ सेंटीमीटर उंचीला रुंदी जेमतेम ४.९ भरते. तो कसा काढायचा याची भूमितीची कृती नेपाळने थेट राज्यघटनेच्या परिशिष्टात घातली आहे, कुठून कुठे रेघ मारायची इथपर्यंत. बाकीच्या जगाला हा आकार नवलाचा वाटतो. आपल्याला तो परका वाटायचं कारण नाही. आषाढात तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर करत बोरगावकडे सरकते तेव्हा दिंड्यांच्या पुढे पताकाच असतात, आणि त्या इंग्रजी काटकोनात बसणाऱ्या नसतात. भगवा झेंडाही मोकळ्या बाजूला दोन टोकांत फाटलेला. चौकोनी झेंड्याची सक्ती मुख्यतः युरोपातल्या जहाजांच्या निशाणांवरून जगभर पसरली. तिथेही डेन्मार्कचा सरकारी झेंडा अजून दोन शेपट्यांचाच आहे, फक्त नागरिकांचा तेवढा सरळ कडेचा. मुलांना नेपाळचा झेंडा आणि पताका एकाच पानावर काढायला सांगा.

तिरंगा मात्र अंदाजाने काढायचा नाही. भारतीय मानकांत झेंड्याची नऊ मापं ठरलेली आहेत, ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून १५० बाय १०० पर्यंत, आणि प्रत्येक मापाला चक्राचा व्यासही ठरलेला. तक्त्यासाठी ४५ बाय ३० सेंटीमीटरचं माप सोयीचं. प्रत्येक पट्टा १० सेंटीमीटर, चक्राचा व्यास ९. चक्र मधल्या पट्ट्याच्या कडांना भिडत नाही. वर-खाली अर्धा-अर्धा सेंटीमीटर पांढरं राहतं. बाजारातल्या कित्येक झेंड्यांत ते एकतर पट्ट्याला घासलेलं असतं नाहीतर बटणाएवढं झालेलं असतं.

केंद्र शोधायला पूर्ण आयताचे दोन कर्ण पुसट मारा, जिथे छेदतात तिथे कंपास टेकवा आणि साडेचार सेंटीमीटरचं वर्तुळ काढा. चोवीस आरे म्हणजे दर १५ अंशांवर एक. कोनमापक असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कंपास तोच साडेचारवर ठेवून परिघावर पावलं टाकत जा, बरोबर सहा पावलांत फेरी पूर्ण होते. त्या सहा भागांचे अर्धे केले की बारा, त्यांचे अर्धे केले की चोवीस. कोन दुभागणं सातवी-आठवीच्या मुलांनी वहीत केलेलं असतं, इथे त्याचा उपयोग दिसतो. पहिला आरा उभा सरळ घ्या म्हणजे चक्र कललेलं दिसत नाही. आरे गडद निळे, मध्ये किंचित फुगीर, टोकाला निमुळते. दोन आऱ्यांच्या मध्ये परिघाला आतून लागून छोटे अर्धगोल असतात, ते बहुतेक जण विसरतात. रंगवताना आधी चक्र पुरं करा, ते वाळू द्या आणि मगच केशरी-हिरव्याला हात घाला. स्केच पेनाचा निळा ओल्या बोटाने पांढऱ्यावर ओढला गेला की पुन्हा पहिल्यापासून.

झेंड्यावर काहीही लिहायचं नाही. देशाचं नाव, मुलाचं नाव, तुकडी, सगळं चौकटीच्या खाली. संमेलनात वेगवेगळ्या देशांचे खरे झेंडे एका रांगेत लावणार असाल तर तिरंगा रांगेच्या उजव्या टोकाला, म्हणजे प्रेक्षकांच्या डाव्या हाताला पहिला आणि त्यानंतर बाकीचे देश इंग्रजी नावांच्या अकारविल्हे क्रमाने.

घरावर लावायच्या झेंड्याचे नियम अलीकडे सैल झाले आहेत. ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने हातमागाच्या जोडीला यंत्रावरचं आणि पॉलिस्टरचं कापडही चालतं, आणि जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. खादीचाच हवा असेल तर नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आणि कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीला तो तयार होतो. केशरी वर आहे ना, कापड फाटलेलं किंवा विटलेलं नाही ना, हे मात्र चढवण्यापूर्वी बघून घ्यायचं. प्लॅस्टिकचे छोटे झेंडे घेऊच नका. कागदी झेंडे मुलांनी प्रभातफेरीत मिरवले तर दुपारीच सगळे गोळा करा, कारण संध्याकाळपर्यंत ते उसाच्या ट्रॅक्टरखाली जातात. फाटलेले झेंडे कचऱ्याच्या गाडीत न टाकता घरामागे, चार लोकांच्या नजरेआड, मानाने जाळून टाकायचे अशी संहितेतली सूचना आहे. तक्ता वर्षभर वर्गात राहणार असेल तर तो खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नका. उन्हाने सगळ्यांत आधी लाल उडतो आणि मार्चपर्यंत इंडोनेशिया आणि मोनॅको दोघेही गुलाबी दिसायला लागतात.